मुंबईचा प्रोग्राम, नागपूरचा कूलर

मशीनसाठी आंबे घेऊन आलेला माणूस मी पाहिला आहे. डोक्यावर करंडी, अंगावर धुतलेलं धोतर आणि चेहऱ्यावर असा भाव की आता काम झालंच. आमच्या फाटकाशी मला पाहून म्हणाला, "बाई, हे मशीनवाल्या साहेबाले द्या. पोराचं जरा पाहून घ्या म्हना." मशीनवाला साहेब कोणी नाही, मशीनवाली बाई आहे आणि ती मीच, हे त्याला काही केल्या पटेना. शेवटी आमचा वानखेडे बाहेर आला. मशीन चालवायचं काम त्याचं, मशीनने काय करायचं ते लिहिण्याचं काम माझं. तो म्हणाला, "काका, हे मशीन आंबे नाही खात जी."

"मंग काय खाते?"

"कार्डं खाते. तुमच्या पोराचं कार्ड त्यानं कवाच खाल्लं. आता जे हाये ते हाये."

आंबे परत गेले. वानखेडेचा जीव मात्र दिवसभर त्या करंडीत अडकला होता.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. सीताबर्डीवर एका इमारतीच्या तळमजल्यावर आमचं गणनकेंद्र होतं. संगणक हा शब्द तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हता. रिक्षावाल्याला 'मशीनच्या ऑफिसात' म्हटलं की तो बरोबर आणून सोडायचा. कापडगिरण्यांची, बँकांची बारीकसारीक कामं आम्ही घ्यायचो, पण वर्षाचं मोठं काम म्हणजे एका परीक्षा मंडळाचे निकाल. मंडळाचं नाव घेत नाही, आणि ते मंडळ आता त्या रूपात राहिलेलंही नाही. उन्हाळ्यात तिथून गुणपत्रकं यायची, आमच्या मुली त्यावरून कार्डांना भोकं पाडायच्या. एका विद्यार्थ्याचं एक कार्ड, पोस्टकार्डापेक्षा थोडं लांब. कोणत्या रकान्यात कुठे भोक, त्यावरून मशीनला गुण कळायचे. मीही सुरुवात याच भोकांपासून केली आणि हळूहळू प्रोग्राम लिहायला शिकले. त्या काळात नागपुरात हे काम करणाऱ्या बायका फार नव्हत्या. आमच्या सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "सून कार्डं पिसते," आणि शेजारणी माझ्याकडे कशा पाहायच्या ते मी सांगत बसत नाही.

आता प्रोग्राम म्हणजे काय, तेवढं सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. मशीनला द्यायच्या सूचना आपण आपल्याला वाचता येईल अशा भाषेत लिहायच्या आणि त्याही कार्डांवरच टोचायच्या. हा मूळ प्रोग्राम. तो मशीनला दिला की मशीन त्याचं भाषांतर करून भोकांच्या कार्डांचा दुसरा गठ्ठा काढून देतं. हा दुसरा गठ्ठा फक्त मशीनला कळतो. काम त्याच्यावरच चालतं, पण माणसाने तो हातात घेऊन कितीही पाहिला तरी आत काय म्हटलंय ते कळायचं नाही. काही बदलायचं झालं, काही तपासायचं झालं, तर मूळ प्रोग्रामच लागतो.

आमचा निकालाचा प्रोग्राम आमचा नव्हता. मुंबईच्या एका एजन्सीकडून तो घेतलेला, दरवर्षी भाडं भरून. त्यांनी दिला तो दुसरा गठ्ठा. मूळ प्रोग्राम त्यांच्या कपाटात. करार छान गुळगुळीत कागदावर होता. गठ्ठ्याची नक्कल करायची नाही, त्यात फेरफार करायचा नाही, तो दुसऱ्या मशीनवर चालवायचा नाही, आणि निकालात काही चुकलं तर एजन्सी जबाबदार नाही. मी तेव्हाच म्हटलं होतं की हे सावजीच्या मसाल्यासारखं झालं. भाजी आपण चढवायची, पाहुणे आपण बोलवायचे, आणि मसाला वाटणारा उद्या गाव सोडून गेला तर ताटात काय वाढायचं?

आमचे प्रमुख देशकर साहेब यावर हसले. हे साहेब म्हणजे सरळ रेघ. करारावर सही केली म्हणजे ती पाळायची. दुसऱ्या खोलीत नक्कल काढायचं यंत्र होतं, वानखेडेने घटकाभरात गठ्ठ्याची जोडी काढून दिली असती. त्याने एकदा विचारलंही, "साहेब, एक कापी काढून ठेवू काय? कोनाले दिसते इथं?" साहेब म्हणाले, "वानखेडे, दिसत नाही म्हणूनच काढायची नाही." वानखेडे मशीनकडे परत गेला. साहेबांचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही.

आणि मग तो मे महिना आला.

नागपूरचा मे ज्याने काढला नाही त्याला सांगून उपयोग नाही. मशीनच्या खोलीत वातानुकूलन होतं, ते आमच्यासाठी नव्हे तर मशीनसाठी. ऐन निकालाच्या तोंडावर ते बंद पडलं. दुरुस्तीचा माणूस लग्नसराईत गायब. आता या शहरात थंडावा हवा म्हटलं की कोणत्याही माणसाला एकच गोष्ट सुचते, तीच आम्हाला सुचली. आम्ही कूलर आणला. खिडकीत बसवला, वाळ्याच्या ताट्या ओल्या केल्या, आणि काय सुगंध सुटला म्हणून सांगू! मुली खोचलेले पदर सोडून कूलरसमोर उभ्या, वानखेडे शर्टाची वरची बटणं उघडून, साहेबसुद्धा टाय सैल करून. नागपुरात कोणाच्या डोक्यात येणार की कूलरची हवा वाईट असते? लहानपणापासून आम्ही तिला देवाची देणगी समजत आलो.

पण कूलर हवेत पाणी सोडतो आणि कार्ड हा शेवटी जाड कागद. त्या ओल्या हवेत कार्डं गुपचूप फुगत होती. वानखेडेने प्रोग्रामचा गठ्ठा मशीनच्या तोंडाशी ठेवला, बटण दाबलं, आणि एरवी खडखड करत पळणारी कार्डं मध्येच अडकली. मागची कार्डं पुढच्यांवर चढली. मशीन थांबेपर्यंत आतून पापड मोडल्यासारखा आवाज येत राहिला. वानखेडेने झाकण उघडलं आणि हातात आलेला चुरा पाहून तिथेच खाली बसला.

"बाई, गेलं," एवढंच म्हणाला.

बाकी सगळा गठ्ठा धड होता, पण चुरा झालेल्या चार-पाच कार्डांवर काय होतं ते कोणालाच माहीत नव्हतं. एक कार्ड कमी असलं तरी प्रोग्राम चालत नाही. साहेबांनी मुंबईला ट्रंक कॉल लावला. लागेना. दुसऱ्या दिवशी एका ओळखीच्याला एजन्सीच्या पत्त्यावर पाठवलं. त्याने कळवलं की तिथे आता पडद्याच्या कापडाचं दुकान आहे. एजन्सी कधीच गुंडाळली गेली होती, मालक विदेशात, आणि मूळ प्रोग्राम कोणत्या कपाटात होता ते कपाटालाच ठाऊक. भाडं मात्र आम्ही त्या वर्षीचंही आगाऊ भरलेलं होतं.

इकडे मंडळाचा तगादा. तिकडे इतर ठिकाणचे निकाल लागू लागले. आमच्या भागातल्या पोरांच्या हातात गुणपत्रिका नसती, तर अध्यापक विद्यालय, पॉलिटेक्निक, नर्सिंग, सगळीकडच्या जागा दुसऱ्यांनी भरल्या असत्या. वर्ष वाया गेलं असतं ते त्यांचं. फाटकाशी आता आंबे घेऊन कोणी येत नव्हतं. माणसं येऊन नुसती उभी राहायची आणि विचारायची, "निकाल काहून नाही लागून राहिला जी?"

साहेबांनी मला बोलावलं. "तुम्हाला लिहिता येईल?"

मी म्हटलं, "मला दोन वर्षांपूर्वीच लिहिता आला असता. तुम्ही विचारलं नाही."

हे मी असंच म्हटलं, याला साक्षीदार आहेत. साहेबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "मग आता विचारतो आहे."

माझी लिहायची एक पद्धत होती. नियम आधी फळ्यावर मांडायचा, आणि प्रत्येक नियमासाठी एक खोटा विद्यार्थी जन्माला घालायचा. एका विषयात नापास होणारा एक, काठावर पास होणारा एक, गैरहजर एक. नुसते क्रमांक ठेवले तर गोंधळ होतो म्हणून आम्ही त्यांना आपल्याच माणसांची नावं द्यायचो. साहेबांना आम्ही प्रथम श्रेणी दिली, रीत म्हणून. वानखेडेच्या वाट्याला सगळे गणित गेलेले विद्यार्थी आले. तो फळ्यापाशी येऊन वाचायचा आणि चिडायचा.

"बाई, मले काहून नापास करून राहिल्या? सायबाले करा ना एखाद्या खेपी!"

"साहेबांना एका खेपी गैरहजरही केलंय की, ते बघा."

मुलींनी हसून हसून कार्डं टोचली. वातानुकूलन दुरुस्त झालं होतं, कूलर व्हरांड्यात निर्वासितासारखा पडून होता. नियम सांगायला मंडळाचे एक जुने अधीक्षक येऊन बसायचे. अर्ध्या गोष्टी नियमात लिहिलेल्या होत्या, उरलेल्या त्यांच्या तोंडपाठ. त्यातलाच एक नियम पुढे महत्त्वाचा ठरला, म्हणून सांगते. एखाद्या मुलाचे बाकी सगळे विषय निघाले आणि एकाच विषयात थोडेसे गुण कमी पडले, तर तेवढे गुण वाढवून द्यायचे आणि त्याला पास करायचं. आणि आधीच्या खेपेला एखादा विषय चांगल्या गुणांनी निघालेला असेल, तर त्या विषयाला सूट. पुन्हा पेपर द्यायचा नाही, तो विषय निघाला असंच धरायचं.

प्रोग्राम तयार झाला. खोटे विद्यार्थी सगळे ठरल्याप्रमाणे पास-नापास झाले. मग खऱ्या परीक्षेची वेळ आली. मागच्या वर्षीची कार्डं जपून ठेवली होती. ती नव्या प्रोग्रामला घालायची आणि मागच्या वर्षी छापलेल्या निकालाशी ताडून पाहायचं. दोन्ही जुळले की यंदाचा निकाल काढायला मोकळे. मी क्रमांक वाचायची, वानखेडे समोरच्या कागदावर पाहून "बरोबर" म्हणायचा. सबंध दिवस खोलीत बरोबर, बरोबर, बरोबर. तो आवाज ऐकताना मला जो आनंद होत होता तसा पुढे मुलाच्या बारशालाही झाला नाही, हे मुलाने वाचलं तरी हरकत नाही.

आणि मग वानखेडे थांबला. "इथं नापास हाये, बाई."

माझ्याकडे पास होतं.

चूक माझीच असणार, दुसरा विचारच मनात आला नाही. मुंबईचा प्रोग्राम तो, भाडं भरून आणलेला. मी कार्ड काढलं, गुण कागदावर उतरवले, नियम लावला. पास. अधीक्षकांना बसवलं. त्यांनी त्यांच्या पद्धतीने केलं. पास. पुढे असेच आणखी निघाले, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि सगळ्यांची तऱ्हा एकच. प्रत्येकाला एका विषयात सूट होती आणि दुसऱ्या एका विषयात थोडे गुण कमी होते. सूट मिळालेल्या विषयाचा रकाना कार्डावर कोरा असायचा. एरवी मुंबईचा प्रोग्राम सूट बरोबर धरायचा, पण वाढीव गुण द्यायचे का ते पाहताना त्याला कोरा रकाना म्हणजे नापास वाटत होता. दोन विषय गेले असं समजून तो वाढीव गुण नाकारत होता.

कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण गुण सगळे बरोबर होते. मुलांनी फेरतपासणी मागितली असेल तर मंडळाने बेरजा पाहिल्या असतील आणि 'बदल नाही' असं कळवलं असेल. शेवटचा शब्द मशीनचा, आणि मशीनच्या पोटात काय आहे ते बघायची आम्हाला कराराने बंदी. मी त्या धड उरलेल्या गठ्ठ्याकडे पाहिलं आणि मला त्याचा संताप आला. भोकांच्या कागदावर कोणी असं चिडतं का? मी चिडले.

मंडळाचे सचिव दुसऱ्या दिवशी आले. ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "तुमचा नवा प्रोग्राम उत्तम आहे. यंदाचा निकाल त्यावर काढा. मागच्या वर्षीचा लागला तो लागला. तो उकरून काढलात तर पुढचं काम नागपुरात राहील असं मी सांगू शकत नाही."

काम गेलं तर केंद्र बंद, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं. मुलींच्या नोकऱ्या, वानखेडेची, माझी. मी साहेबांकडे पाहिलं. मला वाटलं, हा माणूस कराराचा एक शब्द ओलांडत नाही, तो सचिवांपुढे काय बोलणार?

देशकर साहेब म्हणाले, "मागचा लागला असेल, यंदाचा अजून लागायचा आहे. प्रोग्राम आता आमचा आहे. त्यातून दोन्ही वर्षांचे निकाल एकत्र निघतील, नाहीतर एकही निघणार नाही. काम दुसरीकडे न्यायचं तर जरूर न्या, पण आधी तिकडे प्रोग्राम आहे का तेवढं पाहून घ्या."

सचिव उठून गेले. दुपारी मंडळाचा माणूस आला आणि दोन्ही निकाल काढा असा निरोप देऊन गेला. वानखेडेने मशीनसमोर नारळ फोडला. पाणी सांडू नये म्हणून तो व्हरांड्यात फोडावा, हे मात्र मला ओरडून सांगावं लागलं.

निकाल वेळेत लागला. केंद्रही राहिलं. पुढे नव्या मशीनबरोबर टायवाले विक्रेते यायचे, रंगीत चोपड्या उघडायचे. मी त्यांना चहा पाजायची आणि विचारायची, "मूळ प्रोग्राम देणार का? तुमचं दुकान बंद झालं तर आम्ही काय करायचं ते लिहून देणार का?" बहुतेकांना चहा गोड लागेनासा व्हायचा. दोन-तीन ठिकाणच्या केंद्रांनी आमचा निकालाचा प्रोग्राम मागितला, तो मी मूळ गठ्ठ्यासकट दिला. साहेबांनी विचारलं, अटी काय घालायच्या? मी म्हटलं, चूक सापडली तर आम्हाला कळवायचं, एवढीच. त्यांनी दोन चुका कळवल्या. मी दोन्ही दुरुस्त केल्या आणि त्याचा मला अजिबात कमीपणा वाटला नाही. मनाला एकच गोष्ट लागून राहिली. त्या एजन्सीचा प्रोग्राम आम्ही त्याआधीही वापरला होता, आणि त्याआधीच्या वर्षांची कार्डं रद्दीत गेली होती. त्यात कोण कोण होतं, ते आता कोणालाच कळणार नाही.

सुधारलेल्या निकालांची पत्रं मंडळ टपालाने पाठवणार होतं. पण त्यातला एक क्रमांक खाप्याच्या परीक्षा केंद्रावरचा होता, आणि वानखेडेचं गाव तिथून जवळच, सावनेरच्या बाजूला. तो म्हणाला, "टपालाचं काय खरं हाये, बाई? चला, आपनच सांगून येऊ." रविवारी आम्ही एस.टी.ने खाप्याला गेलो. शाळेच्या शिपायाने घर दाखवलं. कोष्ट्याचं घर, ओसरीवर माग, आणि मागाशेजारी चाकावर सुताच्या कांड्या भरत बसलेली मुलगी. सुमन तिचं नाव. वडील मागावरून उठले, पण आत या म्हणाले नाहीत. ऑफिसची माणसं दारात आली की काहीतरी भरायला सांगतात, अशी त्यांची समजूत असावी. आम्ही अंगणात उभे राहूनच सांगितलं की सुमन मागच्या वर्षीच पास झाली आहे, चूक मशीनची होती, आणि अध्यापक विद्यालयाचे अर्ज अजून मिळताहेत.

मुलीने चाक थांबवलं.

"मी म्हनतच होती," ती म्हणाली. "बाबा, म्हनत होती का नाही? वाढीव गुन भेटाले पाहिजे होते मले. शाळेत बी सांगतलं. त्यायनं म्हटलं, पोरी, मशीन कोनाचं वाकडं काहून करन?" मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "मॅडम, मी नापास हाओ हे मशीनले कोनं सांगतलं होतं?"

वर्षभर तिने कांड्या भरल्या होत्या आणि मला तिला एक नाव सांगता येत नव्हतं. मी म्हटलं, "मुंबईच्या कोणीतरी. आम्हाला दाखवलं नव्हतं त्यांनी."

"अन् आता पास हाओ म्हनून कोनं सांगतलं?"

वानखेडेने माझ्याकडे पाहिलं.

"मी," मी म्हटलं. "मी लिहिलंय ते. तुला पाहायचं असेल तर नागपूरला ये, एकेक ओळ दाखवते."

ती उठली, ओसरीवरच्या कांड्या हाताने बाजूला सारल्या आणि आमच्यासाठी सतरंजी अंथरली.